टेबलावर आडवा होणारा २८ इंची टच स्क्रीन: आपल्या कामाचा की नुसता बघायचा?

रंगपेटी | २८ ऑक्टोबर २०१६

परवा संध्याकाळी मायक्रोसॉफ्टने न्यूयॉर्कमध्ये सरफेस स्टुडिओ दाखवला. ज्यांनी अजून व्हिडिओ बघितला नसेल त्यांनी आधी तो बघा आणि मगच इथं भांडायला या.

मी औरंगाबादेत बसून पुस्तकांची मुखपृष्ठं आणि आतली चित्रं करतो. इतक्या वर्षांत डेस्कटॉप बघून जीव वरखाली झाला असं कधी झालं नव्हतं, ते परवा झालं. २८ इंची स्क्रीन, ४५०० बाय ३००० पिक्सेल, जाडी साडेबारा मिलिमीटर. उभा असताना साधा कॉम्प्युटर. हात लावून खाली दाबला की बिजागरीवर अलगद झुकतो आणि टेबलाशी २० अंशांवर येऊन थांबतो. म्हणजे चक्क ड्रॉइंग बोर्ड! वर हात टेकवून पेनाने काढत बसा. शिवाय सरफेस डायल नावाची एक चकती आहे. ती स्क्रीनवरच ठेवायची, तिच्याभोवती रंगांचं वर्तुळ उमटतं. डाव्या हाताने चकती फिरवून रंग बदलायचा आणि उजव्या हाताने चित्र चालू ठेवायचं.

किंमत २९९९ डॉलरपासून ४१९९ पर्यंत. आजच्या भावाने दोन लाख ते दोन लाख ऐंशी हजार. वर कस्टम, कुरिअर आणि घरच्यांचं बोलणं वेगळं.

आपल्यापैकी बरेच जण फ्लेक्स, पत्रिका, अल्बम, पैठणीची नक्षी असली कामं करतात. तुम्हाला काय वाटतं? इकडच्या कामाला हे मशीन खरंच उपयोगी पडेल का?

फ्लेक्सबहाद्दर | २८ ऑक्टोबर २०१६

दादा, व्हिडिओ बघितला. लई भारी हाय, त्यात वादच नाही. पण मपल्या लातूरच्या दुकानात ह्यो आणायचा इचार बी करू नका.

आमच्याकडं गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसतंय. वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यात बत्तीस फोटो. अन् सगळा वेळ त्याचं बोट स्क्रीनवर. "ह्यो फोटो जरा मोठा करा. भाऊंच्या वर नको, खाली घ्या. ह्याला काढूनच टाका, परवा दुसऱ्या गटात गेलाय." आत्ता ते नुसतं बोट दाखवायलंय म्हणून निभतंय. टच स्क्रीन आला तर बोट लावलं की फोटो खरंच सरकंल! मग कुणाचा फोटो कुठं गेला ह्याच्यावरून दुकानात हाणामारी. नगरपालिकेच्या निवडणुका डोक्यावर हायेत, मला जगायचंय अजून.

लाल_पेन | २८ ऑक्टोबर २०१६

फ्लेक्सबहाद्दर, दंडवत! हसून हसून डोळ्यांत पाणी.

अवांतर: काल ॲपलने पण नवा मॅकबुक प्रो आणला. त्यात कीबोर्डच्या वर बोटभर टचची पट्टी दिलीय. एकाने अख्खा स्क्रीन टचचा केला, दुसऱ्याने एफ-१ ते एफ-१२ ची बटणं तेवढी काढून टाकली.

जुना_खोडा | २८ ऑक्टोबर २०१६

उत्साहावर पाणी ओतायला आलो आहे, हलके घ्या.

स्क्रीन अप्रतिम आहे, मान्य. पण कॉम्प्युटर कुठे आहे ते बघा. खालच्या चपट्या डब्यात. इंटेलचा सहाव्या पिढीचा, तोही लॅपटॉपचा प्रोसेसर. दोन लाखांच्या मॉडेलात आय-५, ८ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं ९६५एम ग्राफिक्स. डिस्क पूर्ण एसएसडी नाही, हायब्रिड आहे, म्हणजे जुनी फिरती हार्ड डिस्क आणि जोडीला थोडी वेगवान एसएसडी. एवढ्या पैशांत हायब्रिड!

आणि खरी मेख पुढेच आहे. या स्क्रीनला बाहेरून व्हिडिओ घ्यायला सॉकेटच नाही. मिनी डिस्प्लेपोर्ट आहे, पण तो बाहेर पाठवायला. म्हणजे पाच-सहा वर्षांनी आतला कॉम्प्युटर रेंगाळू लागला की हा सुंदर स्क्रीन दुसऱ्या मशीनला जोडता येणार नाही. चांगला मॉनिटर दहा वर्षं आरामात चालतो, प्रोसेसर नाही. दोघांचं लग्न लावून घटस्फोटाची सोय ठेवली नाही.

नांदेडात दोन लाखांत दणदणीत असेंबल मशीन, रंग नीट दाखवणारा मॉनिटर, पेन टॅब्लेट आणि यूपीएस एवढं सगळं येतं. बिघडलं तर जो भाग बिघडला तेवढा बदला.

रंगपेटी | २९ ऑक्टोबर २०१६

जुना_खोडा, सॉकेटचा मुद्दा मान्य, तिथं त्यांनी कंजूषपणा केलाय. पण तुलना नीट करू या. वॅकॉमचा सिंटिक २७ क्यूएचडी हा नुसता पेनाचा स्क्रीन आहे, कॉम्प्युटर वेगळा घ्यायचा. तो निघाला तेव्हा २३०० डॉलरच्या आसपास होता, टचसकट २८००. आणि रिझोल्यूशन २५६० बाय १४४०. त्यात सातशे डॉलर घातले की इथं जवळजवळ पावणेचार पट पिक्सेल आणि सोबत कॉम्प्युटर. मग महाग कोण?

जुना_खोडा | २९ ऑक्टोबर २०१६

सिंटिकचं पेन हाताच्या दाबाच्या २०४८ पातळ्या ओळखतं, याचं पेन १०२४. शिवाय सिंटिकला उद्या नवा कॉम्प्युटर जोडता येतो. महाग कोण ते पाच वर्षांनी बोलू.

अल्बमवाली | २९ ऑक्टोबर २०१६

मी परभणीत लग्नाचे अल्बम डिझाइन करते. तुम्ही दोघं पिक्सेल मोजत बसा, माझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलेना.

या स्क्रीनवर एक इंच म्हणजे कागदावरचा खराखुरा एक इंच. एका इंचात १९२ पिक्सेल. म्हणजे स्क्रीनची रुंदी साधारण साडेतेवीस इंच आणि उंची साडेपंधराच्या वर. आमची शीट १२ बाय ३६ ची, ती मावणार नाही. पण तिचं एक पान १२ बाय १८ चं, ते जसंच्या तसं मावतं. बाजूला टूल्सना जागा उरते. पत्रिकावाल्यांची तर अख्खी ए-३ मावेल.

हे का महत्त्वाचं, तर नवरीच्या आईला मी स्क्रीनवर अल्बम दाखवते तेव्हा तो झूम करून लहान केलेला असतो. त्यांना सगळं छान वाटतं. छापून आला की म्हणतात, "अगंबाई, चेहरा एवढा मोठा का केलास?" किंवा "हळदीचे फोटो इतके बारीक!" प्रिंटच्या आधी खऱ्या मापात समोर ठेवता आलं, तेही टेबलावर आडवं, तर माझी निम्मी कटकट मिटेल. १६ बाय ९ चे आडवे स्क्रीन सिनेमा बघायला ठीक. हा ३:२ आहे, आपल्या कॅमेऱ्याच्या फोटोचं माप.

पैसे मात्र माझ्याकडे नाहीत. हे सगळं फुकटचं स्वप्न.

चित्रकलेचे_सर | २९ ऑक्टोबर २०१६

अल्बमवालीताईंशी सहमत. मी बीडला शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतो, त्यांच्यावरून एक निरीक्षण सांगतो.

काळा पेन टॅब्लेट मुलांना दिला की पहिले काही दिवस रडारड. हात टेबलावर आणि डोळे समोरच्या स्क्रीनवर. वर्तुळ काढायला गेलं की बटाटा होतो. हळूहळू जमतं, पण ज्याला कागदावर उत्तम रेषा येते त्यालाच जास्त त्रास होतो, कारण त्याचा डोळा पेनाच्या टोकाला चिकटलेला असतो. स्क्रीनवर थेट काढलं की ही अडचण राहत नाही. फक्त काच पातळ हवी. जाड काचेखाली रेष उमटली की टोक एकीकडे आणि रेष दुसरीकडे दिसते.

दुसरं म्हणजे खांदा. लहान टॅब्लेटवर चित्र मनगटातून येतं. मोठ्या बोर्डावर खांद्यातून येतं, रेष लांब आणि निवांत जाते. व्हिडिओतल्या त्या बाईंचा हात बघा, कोपरापासून फिरतोय. २८ इंचांचा खरा फायदा मला तिथं दिसला.

पत्रिकाप्रमुख | ३१ ऑक्टोबर २०१६

जालन्याहून राम राम. दिवाळीचा फराळ खात खात सगळं वाचलं.

एक व्यावहारिक प्रश्न. आमचं सगळं दुकान जुन्या कोरलड्रॉवर (डिझाइनचा प्रोग्रॅम) आणि श्री-लिपीवर (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर) चालतं. त्या कोरलमध्ये युनिकोड टाकलं की 'श्री'चे तुकडे होतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, म्हणून नवीन काही घेतलंच नाही. आता हा प्रोग्रॅम ४५०० बाय ३००० वर उघडला तर टूलबार मुंगीएवढा दिसेल. जुने प्रोग्रॅम स्वतःला मोठं करून दाखवत नाहीत. मग काय, दोन लाखांच्या स्क्रीनवर भिंग घेऊन बसायचं?

जुना_खोडा | ३१ ऑक्टोबर २०१६

+१. आणि कोरल तुमच्याकडं विकतचं आहे का, हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाही.

पत्रिकाप्रमुख | ३१ ऑक्टोबर २०१६

मुद्दाम विचारलं नाहीत त्याबद्दल आभारी आहे.

पैठणवाला | १ नोव्हेंबर २०१६

पैठणीचा विषय रंगपेटींनी काढलाच आहे तर चार ओळी लिहितो.

आमच्याकडे पदरावरचा मोर किंवा काठाची आसावली (फुलांची वेल) आधी ग्राफ कागदावर उतरवतात. चौकटींवर तारांचा हिशेब असतो. हातमागावर हा नक्शा ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, खाली ठेवून कारागीर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या एकमेकींत अडकवत विणतो. म्हणून खरी पैठणी मागून-पुढून सारखीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. नक्शात एक चौकट चुकली की मोराची मान वाकडी, आणि ते आठवडाभराच्या विणकामानंतर लक्षात येतं.

मी नक्शे आता कॉम्प्युटरवर काढतो, पण माऊसने. चौकटी भरायला माऊस पुरतो. कठीण असतं ते त्याच्या आधीचं, म्हणजे मोर मनासारखा वळणदार काढणं. ते मी आजही कागदावर पेन्सिलीने करतो, स्कॅन करतो आणि वर ग्राफ टाकतो. काठ खऱ्या मापात समोर आडवा दिसला, त्यावर तिथेच रेष काढता आली आणि चकती फिरवून ग्राफ बारीक-मोठा करता आला, तर स्कॅनची पायरीच जाईल. आमच्यातले जुने कारागीर स्क्रीनकडे बघत नाहीत, कारण उभ्या स्क्रीनवरचा मोर त्यांना परका वाटतो. टेबलावर आडवा ठेवला तर बघतील असं वाटतं.

तरी दोन लाखांत एक चांगला माग उभा राहतो, सोबत रेशीमही येतं. मी माग घेईन.

अजिंठेकर | २ नोव्हेंबर २०१६

सगळ्यांचं वाचून एक अवांतर सुचलं, चालवून घ्या. कुणीच बॅकअपबद्दल बोललं नाही. डब्यातली डिस्क गेली तर?

आमच्या अजिंठ्याचंच उदाहरण. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून लेण्यातल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या नकला करत बसला. वर्षानुवर्षं. कंदिलाच्या उजेडात, वटवाघळांच्या वासात. नकला लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आग लागली, त्यात बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतले ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच काम करायला लागले. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला परत आग! त्यातल्या बऱ्याच गेल्या. दोनदा तेच काम, दोनदा एकाच गावी पाठवलं. आपल्याकडे मूळ भिंत होती म्हणून वाचलो.

गिलसाहेब इकडेच राहिला, इकडेच गेला. कबर भुसावळला आहे.

चित्रकलेचे_सर | २ नोव्हेंबर २०१६

अजिंठेकर, हे अवांतर मूळ धाग्यापेक्षा भारी आहे, वेगळा धागा काढा. ग्रिफिथ्सबरोबर काम करणाऱ्या आपल्या मुलांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही, त्यांच्यावर लिहा.

फ्लेक्सबहाद्दर | ११ नोव्हेंबर २०१६

धागा वर काढायलाव. रंगपेटी दादा, घेतला का दोन लाखाचा?

मव्हाच हिशेब सांगतो. एटीएमातून दिवसाला दोन हजार मिळायलेत, तेबी रांगेत उभं राहून. असं एकेक दोन हजार जमा केलं तर शंभर दिवसांत होतंय मशीन. गिऱ्हाईक पाचशेच्या जुन्या नोटा घिऊन आलंय, अन् म्हणतंय फ्लेक्स मोठा करा पण नोट घ्या. चौरस फुटाला दहा रुपयाचं काम, त्यात ह्यो ताप.

रंगपेटी | ११ नोव्हेंबर २०१६

:D सध्या दुधाचे सुटे द्यायची पंचाईत आहे, मशीनचं राहू द्या.

जुना_खोडा | १४ जानेवारी २०१७

तिळगूळ घ्या, आणि ही बातमी पण. डेलने लास व्हेगासला कॅनव्हास दाखवला. २७ इंची, टेबलावर आडवा ठेवायचा, पेन आणि चकतीसुद्धा. किंमत १७९९ डॉलर. आणि हा नुसता स्क्रीन आहे, आपल्याच कॉम्प्युटरला जोडायचा. मी जे म्हणत होतो तेच. रिझोल्यूशन सरफेसच्या मानाने बरंच कमी, पण कॉम्प्युटर म्हातारा झाला तर स्क्रीन विधवा होत नाही.

अल्बमवाली | १५ जानेवारी २०१७

भाऊ, उपमा जरा बघून देत जा. बाकी मुद्दा पटला. पण २५६० बाय १४४० मध्ये नवरीच्या साडीचे काठ दाणेदार दिसतील. माझं पान खऱ्या मापात दाखवायचं तर तो दाणा दिसायला नको.

रंगपेटी | ५ ऑक्टोबर २०१८

दोन वर्षांनी धागा वर काढतोय. सरफेस स्टुडिओ २ आला! हायब्रिड डिस्क काढून पूर्ण एसएसडी दिली, पेनाला ४०९६ पातळ्या, स्क्रीन जास्त उजळ, ग्राफिक्स १०६० आणि १०७०. खोडासाहेब, तुमच्या तक्रारी त्यांनी वाचल्या बहुतेक.

जुना_खोडा | ५ ऑक्टोबर २०१८

किंमत ३४९९ पासून, म्हणजे पाचशे डॉलरने वर. प्रोसेसर सातव्या पिढीचा, बाजारात आठवी येऊन जुनी झाली. आणि बाहेरून व्हिडिओ घ्यायचं सॉकेट? दिलं का? नाही. मूळ तक्रार तिथल्या तिथे.

लाल_पेन | ६ ऑक्टोबर २०१८

हे दोघं भांडत राहतात आणि घेत कुणीच नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रंगपेटी | १९ ऑक्टोबर २०२५

हा धागा सापडला आणि राहवलं नाही. आता पत्ता छत्रपती संभाजीनगर झालाय, चष्म्याचा नंबरही बदलला.

स्टुडिओ मी शेवटी घेतला नाही, पण पुण्यात एका ॲनिमेशनवाल्या मित्राकडे पहिल्या पिढीचा आहे, त्यावर बरंच काम केलं. स्क्रीन आजही बघत राहावा असा आहे. वाकवल्यावर सरांनी म्हटलेलं खांद्यातून रेष येण्याचं सुख खरंच मिळतं. सरांना कधी भेटलो तर दाखवीन. चकती मात्र दोन दिवस हाताळून कोपऱ्यात पडते, डाव्या हाताला कीबोर्डचे शॉर्टकटच लवकर सापडतात.

२०२२ ला स्टुडिओ २+ आला, ४४९९ डॉलर. पुढे कंपनीने उत्पादनच थांबवलं, नवीन काही आणलं नाही. आणि परवा १४ तारखेला विंडोज १० चा आधार (सपोर्ट) संपला. मित्राच्या मशीनमधला सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणजे काच, रंग, बिजागरी सगळं ठणठणीत, आणि मशीन अधिकृतपणे बाद.

जुना_खोडा | १९ ऑक्टोबर २०२५

गंमत म्हणजे स्टुडिओ २ मधला सातव्या पिढीचा तो एक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे. त्या पिढीतले बाकी जवळजवळ सगळे बाहेर. स्वतःचं मशीन होतं ना, बाद कसं करणार!

पहिल्या पिढीवाल्याने लिनक्स टाकून बघायला हरकत नाही, पण पेनाचं कॅलिब्रेशन आधी तपासावं.

नवी_कुंचली | २० ऑक्टोबर २०२५

नमस्कार, मी नवीन आहे. धाराशिवची. कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, सगळा धागा एका बैठकीत वाचला. (विधवा स्क्रीनवर अल्बमवालीताईंशी सहमत.) मला कथाचित्रं करायची आहेत, बजेट चाळीस हजारांच्या आत. लॅपटॉप आहे. स्टुडिओ जुना विकत मिळाला तर घ्यावा का?

अल्बमवाली | २० ऑक्टोबर २०२५

नको गं. जुना स्टुडिओ बिघडला तर दुरुस्त कोण करणार? डबा उघडणारा माणूस परभणीत नाही, धाराशिवलाही नसेल.

तुझ्या लॅपटॉपला जोडता येईल असा पेन डिस्प्ले घे. या वर्षांत चिनी कंपन्यांनी हे फार स्वस्त केलंय, १६ इंची तुझ्या बजेटात बसेल. मी असाच एक वापरते. घेताना तीन गोष्टी बघ. काच आणि पॅनेल चिकटवलेलं हवं, ते नसेल तर सरांनी वर लिहिलंय तसं टोक आणि रेष वेगळी दिसते. दुसरं, लॅपटॉपच्या टाइप-सीमधून व्हिडिओ बाहेर येतो का ते आधी तपास, सगळ्यांत येत नाही. नाहीतर एचडीएमआय, यूएसबी आणि वीज अशा तीन वायरींचं जंजाळ होतं. तिसरं, स्टँड सोबत आहे का बघ. सपाट टेबलावर वाकून काढलंस तर मान धरते.

आणि शक्यतो पंखा नसलेला घे. आपल्याकडे मे महिन्यात पंख्यातून धूळ आणि गरम हवा दोन्ही हातावर येते.

पैठणवाला | २१ ऑक्टोबर २०२५

ताईंनी सांगितलं त्यात एक भर. पेनाची टोकं झिजतात, काच खरखरीत केलेली असेल तर जास्तच. घेतानाच टोकांचं एक जादा पाकीट मागवून ठेव, नंतर त्याच मॉडेलची मिळायला त्रास होतो. माझ्याकडे गेल्या वर्षी ऐन हंगामात टोक संपलं आणि नवीन येईपर्यंत सगळे मोर पेन्सिलीने काढले.